तूप खाऊ का? आधी घरातला तेलाचा डबा मोजू

ओपीडीत हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो. तपासून होतं, गोळ्या लिहून होतात, माणूस दारापर्यंत जातो आणि मागे वळून विचारतो, "मॅडम, तूप चालतं का?" विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. काहींना मी आता 'बंद' म्हणणार याची धास्ती असते. काहींना मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ मला दाखवायचा असतो. त्यात कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतं की रोज सकाळी तूप प्यायलं की नसांमधले ब्लॉकेज विरघळतात.

मी बीड जिल्ह्यात डॉक्टरकी करते. आपल्याकडे तूप म्हणजे पुरणपोळीवरची धार, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातला जीव, वरणभातावरचा चमचा आणि देवापुढचं निरांजन. त्यामुळे "तूप बंद" असं दोन शब्दांत सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन खातोच. "कितीही खा" म्हटलं की त्याचा अर्थ वाटीवर जातो. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

उत्तर आधीच सांगून टाकते. निरोगी माणसाला दिवसाला एक ते दोन छोटे चमचे तूप चालतं, पण ते बाकीच्या तेलाच्या हिशेबात धरायचं. ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, ज्यांना हार्ट ॲटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट टाकला आहे, त्यांनी ते रोजच्या ताटातून काढून सणावारावर आणावं, फार तर एखादा छोटा चमचा. आणि तूप कोणत्याही गोळीची जागा घेऊ शकत नाही. आता यामागची कारणं बघू.

चमचाभर तुपात असतं काय?

चहाचा एक छोटा सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम तूप. त्यातून ४५ कॅलरी मिळतात. त्यातली साधारण ३ ग्रॅम चरबी संपृक्त प्रकारची असते, म्हणजे थंडीत थिजणारी. तुपात थोडं कोलेस्टेरॉलही असतं, पण चमचाभरात ते अगदी कमी, १५ मिलिग्रॅमच्या आसपास. एका अंड्याच्या बलकात त्याच्या दहापट तरी असतं. म्हणून तुपाबद्दल बोलताना त्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीकडे लक्ष द्यायला हवं.

ही चरबी शरीरात काय करते? आपल्या यकृताच्या पेशींवर जणू छोटे हात असतात. रक्तातून वाहणारं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, हे हात पकडतात आणि आत ओढून घेतात. संपृक्त चरबी जास्त खाल्ली की हे हात कमी होतात. मग एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचायला लागतं. हे एका दिवसात घडत नाही. वीस-तीस वर्षं घडत राहतं आणि त्या काळात काहीच दुखत नाही.

लोण्यातलं पाणी आणि ताकाचा अंश कढवून काढला की तूप उरतं, म्हणून लोण्यावरचे अभ्यास आपल्याला उपयोगी पडतात. इंग्लंडमध्ये २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नव्वदेक निरोगी माणसांचे गट करून त्यांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम चरबी दिली होती, कुणाला लोणी तर कुणाला ऑलिव्हचं तेल. लोणी खाणाऱ्यांचं एलडीएल ऑलिव्हवाल्यांच्या तुलनेत सुमारे १५ मिलिग्रॅमनं वर गेलं. म्हणजे परिणाम होतो हे नक्की. पण तो रोज ५० ग्रॅम खाल्ल्यावरचा परिणाम आहे, चमचाभराचा नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभरातल्या कॅलरींपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त संपृक्त चरबीतून येऊ नयेत. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा साधारण २२ ग्रॅम होते. दूध, तेल, शेंगदाणे, मटण या सगळ्यांतून थोडी थोडी जातच असते. तुपाचे एक-दोन छोटे चमचे त्यात बसतात. पुरणपोळीबरोबरची ५० ग्रॅमची वाटी एकटीच ३० ग्रॅम संपृक्त चरबी घेऊन येते. वर्षातून चार वेळा ती वाटी झाली तर हृदय काही तक्रार करणार नाही. रोज झाली तर करेल.

"आमची आजी तूप खाऊनच नव्वद वर्षं जगली"

हे वाक्य मला इतक्यांदा ऐकायला मिळतं की आता मी त्यावर कागद-पेन घेऊन हिशेबच मांडते. तुम्हीही मांडून बघा.

घरी एक गाय आहे, दिवसाला तीन लिटर दूध देते असं धरा. गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के स्निग्धांश असतो. एक किलो तुपाला पंचवीस-तीस लिटर दूध लागतं. म्हणजे घरातलं सगळंच्या सगळं दूध विरजलं, घुसळलं, लोणी कढवलं, तरी दिवसाचं तूप निघतं शंभर ग्रॅम. घरात माणसं दहा. माणशी आले दहा ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे. त्यातही थोडं दूध लेकरांना, थोडं चहाला. गाय वर्षातले काही महिने आटलेली. शिवाय तूप बाळंतिणीसाठी आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवायचं. मग आजीच्या ताटात रोज किती येत असेल?

आजीचं तूप गाईनंच मोजून दिलेलं होतं. आज ते बरणीतून येतं आणि पैसे असतील तितकं येतं. शिवाय आजी पहाटे जात्यावर बसायची, विहिरीचं पाणी शेंदायची, शेतात खुरपायची. तिच्या घरी बेकरीची खारी, फरसाण आणि दिवसातून पाच गोड चहा नव्हते. आजीचं उदाहरण द्यायचं तर आजीचा सगळा दिवस घ्यावा लागेल, नुसता चमचा उचलून चालणार नाही.

अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध का बोलतात?

तुपाची बाजू घेणारे बरेचदा एका जुन्या भारतीय अभ्यासाचं नाव घेतात. तो खरा आहे. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली तो प्रसिद्ध केला. उत्तरेकडचे रेल्वे कामगार तूप आणि दुधाची चरबी दक्षिणेकडच्यांपेक्षा कितीतरी जास्त खात होते, तरी हृदयरोगानं होणारे मृत्यू दक्षिणेकडच्या कामगारांत सातपट होते. हे वाचून कुणालाही वाटेल की तूपच हृदय राखतं. पण दोन प्रदेशांतल्या माणसांमध्ये तूप सोडून इतरही पन्नास गोष्टी वेगळ्या असतात. धान्य वेगळं, व्यसनं वेगळी, नोंदी ठेवण्याची पद्धत वेगळी. अशा तुलनेतून शंका सुचते. कारण सिद्ध होत नाही.

कारण शोधायचं तर माणसांचे गट पाडून, एका गटाचा आहार बदलून, वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. असे १५ प्रयोग एकत्र करून २०२० साली आढावा घेतला गेला. त्यांत ५० हजारांहून जास्त माणसं होती. संपृक्त चरबी निदान दोन वर्षं कमी ठेवणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांचे झटके सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले. एकूण मृत्यूंमध्ये मात्र फारसा फरक दिसला नाही. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे फायदा झाला तो मुख्यतः संपृक्त चरबीच्या जागी द्रवरूप वनस्पती तेलं घेणाऱ्यांना. तिच्या जागी मैदा, साखर असले पदार्थ घेतल्यावर तसा फायदा स्पष्ट दिसला नाही. म्हणजे तुम्ही पोळीवरचं तूप सोडलंत आणि चहासोबत बिस्किटांचा पुडा सुरू केलात, तर हृदयाला काहीच मिळालं नाही.

मग तूप सोडून तेल भरपूर घ्यावं का? त्याचं उत्तर आपल्या ओळखीच्या एका पिकाशी जोडलेलं आहे. पूर्वी आपल्याकडे रब्बीत ज्वारीच्या कडेनं करडई पेरायचे. काटेरी असल्यामुळे जनावरं आत शिरत नसत आणि घाण्यावर वर्षाचं तेलही निघायचं. आता सोयाबीन आणि कापसापुढे ती क्वचित दिसते. याच करडईच्या तेलाचा हृदयरोग्यांवर एक प्रयोग झाला होता, तोही ऑस्ट्रेलियात. १९६६ ते १९७३ या काळात सिडनीमध्ये ४५८ पुरुष रुग्ण घेतले. त्यातल्या एका गटाला लोणी, चरबी कमी करून करडईचं तेल आणि त्याच तेलाचं मार्जरिन दिलं. त्या प्रयोगाचे जुने आकडे शोधून २०१३ साली पुन्हा तपासले, तेव्हा करडईच्या गटात मृत्यू जास्त निघाले. करडईवाल्यांत १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८ टक्के.

हे वाचून करडईला घाबरू नका. प्रयोग लहान होता, तेलाचं प्रमाण प्रचंड होतं, सोबत मार्जरिन होतं, आणि करडईत ओमेगा-६ प्रकारची चरबी भरपूर असली तरी ओमेगा-३ जवळजवळ नसते. मी यातून एवढंच घेते की कोणतंही एक तेल हृदयाचं औषध समजून ओतू नये. कधी शेंगदाणा, कधी करडई, कधी सोयाबीन असं आलटून पालटून वापरा. सोबत जवसाची चटणी ठेवा, कारण ओमेगा-३ आपल्या घरात सगळ्यात स्वस्त तिथेच मिळतं.

ताटातल्या तुपाची जागा कुणी घेतली?

तुपाच्या भांडणात जो खरा गुन्हेगार बराच काळ निसटून गेला, त्याचं नाव वनस्पती तूप. डालडा हा ब्रँड १९३७ साली भारतात आला आणि इतका पसरला की लोक प्रत्येक वनस्पती तुपालाच डालडा म्हणू लागले. स्वस्त, पांढरं, रवाळ, तुपासारखं थिजणारं. लग्नाच्या पंगतीतली बुंदी, सप्ताहातल्या पुऱ्या, बेकरीची खारी, सगळं त्यात होऊ लागलं. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करतात आणि ते करताना ट्रान्स फॅट तयार होतं. हे ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं, दोन्हीकडून मार. गाई-म्हशीच्या तुपात ते नैसर्गिकरीत्या थोडंसंच असतं.

भारत सरकारनं हळूहळू नियम कडक केले. जानेवारी २०२२ पासून तेलं आणि स्निग्ध पदार्थांत असं ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. नियम चांगला आहे. पण बसस्टँडजवळच्या कढईत तेच तेल दिवसभर तापून काळं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यातच नवी भर पडते, तिथे पुडक्यावरचा आकडा काय कामाचा? घरात तुपाचा चमचा मोजणारी माणसं संध्याकाळी तिथं दोन प्लेट भजी खातात, तेव्हा मला काळजी त्या भज्यांची वाटते.

एकच तूप, दोन माणसं

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कारखाना बंद झाला की ती परततात आणि मग आमच्या दवाखान्यात येतात. अशीच एक बाई आली होती. वय तिशीच्या आत, वजन ३८ किलो, हिमोग्लोबिन ८. जेवणात काय असतं विचारलं, तर भाकरी, ठेचा, कधीमधी कालवण. घरी म्हैस होती. दूध कुठं जातं? "डेअरीला. उचल फेडायचीय ना मॅडम." तुपाबद्दल तिनं काही विचारलं नाही. तिची सासूच म्हणाली, "बाळंतपणात पावशेर दिलं व्हतं, त्याच्यानंतर कशाचं तूप!" पहाटेपासून मोळ्या उचलणाऱ्या या शरीराला कॅलरी कमी पडत होत्या. तिला मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज अर्धा लिटर दूध घरात ठेवा, शेंगदाणे-गूळ खा, जमेल तेव्हा अंडं खा, आणि भाकरीवर तूप घ्या. मोजू नका.

त्याच सुमारास एक निवृत्त गुरुजी आले. तीन वर्षांपूर्वी स्टेंट पडलेला. औषधं नियमित घेत होते तेव्हा एलडीएल ६४ होतं. मग कुणीतरी पटवून दिलं की कोलेस्टेरॉलच्या गोळ्या लिव्हर खराब करतात आणि तुपानं नसा आपोआप मोकळ्या होतात. गुरुजींनी गोळी बंद केली आणि रोज सकाळी कोमट पाण्यात दोन मोठे चमचे तूप घ्यायला लागले. चार महिन्यांनी रिपोर्ट आणला, एलडीएल १५८. ते मला म्हणाले, "पण मॅडम, मला एकदम बरं वाटतंय."

बरं वाटणारच. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून काही दुखत नसतं. या वाढीतला मोठा वाटा गोळी थांबवल्याचा होता आणि लहान वाटा तुपाचा. स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो, बाकीच्या नळ्या त्याच राहतात. त्या राखायला ही गोळी असते. स्टेंट झालेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या खाली, शक्य असेल तर ५५ च्याही खाली ठेवायचं असतं. कोणत्याही तुपानं ते होत नाही. गोळीनं अंग दुखतं, लिव्हरची भीती वाटते, तर तसं डॉक्टरांना सांगा. रक्त तपासता येतं, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. गुरुजींची गोळी परत सुरू झाली. सणाला पुरणावर तूप घेतात, आणि ते मला मान्य आहे.

आणखी एक. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात हार्ट ॲटॅकशी जोडलेले नऊ मुख्य घटक सापडले. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाजी-फळं न खाणं, व्यायामाचा अभाव आणि दारू. आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांत पहिला ॲटॅक येण्याचं सरासरी वय ५३ निघालं. बाकी जगात ते जवळजवळ ५९ होतं. गालात तंबाखूची गोळी धरून मला तुपाबद्दल विचारणाऱ्यांना मी ही यादी वाचून दाखवते. तूप वाढलं तर त्या यादीतलं कोलेस्टेरॉल थोडं हलतं. तंबाखू त्या यादीत स्वतःच्या नावानं बसली आहे.

आणि छातीत जड वाटलं, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला, दरदरून घाम सुटला, तर पित्त समजून तूप-साखर किंवा थंड दूध घेत बसू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा. पित्तच निघालं तर आनंदानं घरी जा.

आता घरी काय करायचं?

वयाची तिशी उलटली असेल तर एकदा लिपिड प्रोफाइल, बीपी आणि शुगर तपासा. घरात कुणाला पन्नाशीच्या आत ॲटॅक आला असेल तर त्याहून लवकर. तूप सुरू करून किंवा कमी करून बघायचं असेल तर दीड-दोन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. तुमच्या शरीरावर तुपाचा किती परिणाम होतो हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा तो कागद चांगला सांगेल, कारण माणसागणिक फरक पडतो.

तूप विकत घेत असाल तर मघाचा हिशेब आठवा. पंचवीस-तीस लिटर गाईच्या दुधाची किंमत काढा. त्याहून स्वस्तात कुणी किलोभर 'शुद्ध गावरान' देत असेल, तर त्यात काय असेल ते तुम्हीच ओळखा.

आणि शेवटचं काम आजच करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं बैठं काम करणाऱ्यांसाठी दिवसाला तेल-तूप मिळून पुरुषाला २५ आणि बाईला २० ग्रॅम पुरेसं सांगितलं आहे. कष्टाची कामं करणाऱ्या पुरुषाला ४०, बाईला ३०. आता तुमचा डबा बघा. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा तेलाचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज १०० ग्रॅम पोटात जातं. दोन महिने पुरत असेल तर ५०. त्यात तूप अजून धरलेलंच नाही. पुढचा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख लिहा आणि संपेल त्या दिवशी परत लिहा. तो आकडा घेऊन माझ्याकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे या. मग तुपाचं ठरवायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.